पाळण्यावरील चिमणाळे : वाशीम परिसरातील एका गृहशिल्पाचा इतिहास

१. विषयाचे स्वरूप

तान्ह्या मुलाच्या पाळण्यावर, त्याच्या दृष्टीस पडेल परंतु हातास लागणार नाही अशा उंचीवर, कापडाच्या चिमण्या, राघू आणि मोर टांगण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. या टांगत्या खेळण्यास चिमणाळे म्हणतात. कोठे ते रंगविलेल्या लाकडाचे असते, कोठे काचमण्यांचे, कोठे लोकरीचे. वऱ्हाडासारख्या कापसाच्या मुलखात चिंध्या आणि कापूस या दोन वस्तू घरातच सापडत, आणि कापडी चिमणाळ्यास त्यापलीकडे फारसे काही लागत नाही.

ही वस्तू इतकी परिचित आहे की तिचा इतिहास असू शकेल, ही कल्पनाच सहसा मनात येत नाही. बखरींत तिचा उल्लेख सापडण्याचे कारण नाही. दप्तरांत तिच्यावर कर नसल्यामुळे तिची नोंद नाही. ती घडविणारी व्यक्ती बलुतेदार अथवा कारागीर नसून घरातील आजी, मावशी किंवा आत्या असते आणि तिच्या श्रमास मोल नसते. शिवाय या वस्तूचे आयुष्य फार अल्प. मूल रांगू लागले की चिमणाळे उतरविले जाते. पुढच्या बाळंतपणापर्यंत टिकले तर टिकले, नाहीतर त्याच्या पुन्हा चिंध्या होतात.

अशा वस्तूचा इतिहास प्रत्यक्ष तिच्यावरून लिहिता येत नाही. तो तीन आडवाटांनी शोधावा लागतो. पहिली वाट जुन्या ग्रंथांतील बालसंगोपनाच्या नियमांची, दुसरी कापडाच्या इतिहासाची आणि तिसरी मुलांच्या जगण्यामरण्याच्या इतिहासाची. या तिन्ही वाटा जेथे मिळतात तेथे असे दिसते की, चिमणाळे हे मुलाच्या करमणुकीचे साधन तर होतेच. परंतु मूल जगेल याची शाश्वती नसलेल्या काळात, ते जगावे या इच्छेने घरातील बायांनी घातलेले ते टाकेही होते. या दुसऱ्या अर्थाचा विसर पडला तर चिमणाळे चिंध्यांचेच का, याचे पूर्ण उत्तर मिळत नाही.

या विवेचनासाठी वाशीम परिसर घेण्यास कारण आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या सहा तालुक्यांचा आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. परंतु इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत बाशीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, आणि त्याच्याही फार पूर्वी हेच नगर वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. वरील तिन्ही वाटा या भूमीवरून जातात.

२. प्राचीन ग्रंथांतील खेळणी

बालकाच्या खेळण्यांविषयीचा अतिशय स्पष्ट असा एक जुना नियम चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात आला आहे. त्याच ठिकाणी कुमारागाराचे, म्हणजे तान्ह्या मुलाच्या खोलीचे, वर्णन आहे. ही खोली मजबूत असावी, रम्य असावी, अंधारी नसावी; तीत वाऱ्याचा झोत नसावा, परंतु एका अंगाने हवा यावी; हिंस्र पशू, उंदीर व पतंग यांचा तीत शिरकाव नसावा. मुलाची वस्त्रे व अंथरुणे मऊ, हलकी व स्वच्छ असावीत आणि त्यांस औषधी द्रव्यांची धुरी द्यावी. या द्रव्यांत वेखंड आहे. मराठी घरांतील बाळंतिणीच्या खोलीत वेखंड व धुरी यांना अलीकडेपर्यंत असलेले स्थान त्यामुळे सहज आठवते.

खेळण्यांविषयी चरकसंहिता म्हणते की ती रंगीबेरंगी, आवाज करणारी व मनोहर असावीत. जड नसावीत, त्यांस तीक्ष्ण टोके नसावीत, ती तोंडात जाणारी नसावीत, जिवावर बेतणारी नसावीत आणि मुलास भेवडावणारी नसावीत. या नियमाचे दोन भाग पडतात. पहिला आनंदाचा आणि दुसरा धोक्याचा. धोक्याचा भाग अधिक लांब आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलास भीती घालणे बरे नव्हे, असेही तेथे सांगितले आहे. चिंध्यांची चिमणी या कसोटीस नेमकी उतरते. ती हलकी असते, तिला धार नसते आणि ती पडली तरी इजा होत नाही. आवाजाचा गुण तिच्यात नसतो. म्हणून लहानसे घुंगरू जोडले की ती उणीव भरून निघते.

दुसरा उल्लेख वात्स्यायनाच्या कामसूत्रातील आहे. हा ग्रंथ सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या सुमाराचा मानला जातो. त्यात मुलींना देण्याच्या खेळण्यांच्या यादीत सुताच्या, लाकडाच्या, शिंगाच्या, हस्तिदंताच्या, मेणाच्या, पिठाच्या व मातीच्या बाहुल्या येतात. त्यांच्यासमवेत राघू, कोकीळ, मैना, लावा, कोंबडा व तित्तिर या पक्ष्यांचे पिंजरेही येतात. चौसष्ट कलांत सुईचे काम स्वतंत्रपणे गणलेले आहे. याच ग्रंथात वत्सगुल्माचाही उल्लेख असल्यामुळे, हे नगर त्या काळच्या नागर संस्कृतीला अपरिचित नव्हते एवढे निश्चित होते. सुताची बाहुली वत्सगुल्मात होत होती असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु सूत, सुई आणि खेळण्यातले पक्षी ही तीन अंगे निदान दीड हजार वर्षे जुनी आहेत, हे मानण्यास हरकत नाही.

पक्ष्यांची निवड मराठी मनाला आणखी एका कारणाने जवळची आहे. जात्यावरच्या ओव्यांत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे मुलगी, असा संकेत रूढ आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये एकत्र केलेल्या ओव्यांसारखे संग्रह चाळले असता हा संकेत किती खोल रुजला आहे याची कल्पना येते. तेव्हा पाळण्यावर राघू-मैना टांगणारी स्त्री एका अर्थी मुलाचेच लाडके नाव त्याच्या डोळ्यांपुढे धरीत असते.

३. घडण व शिवण

चिमणाळ्याची घडण साधी असली तरी तीत तोल साधण्याचे कौशल्य आहे. बांबूच्या दोन कामट्या फुलीसारख्या एकमेकींवर ठेवून मध्यभागी सुताने घट्ट बांधतात, अथवा एकच लवचीक कामटी वळवून तिचे कडे करतात. कामटी बोचू नये म्हणून तिच्यावर कापडाची अरुंद पट्टी गुंडाळून टोके शिवून टाकतात.

चिमणीसाठी वीतभराहून लहान असा चौकोनी तुकडा पुरतो. तुकड्याची चांगली बाजू आत ठेवून तो तिरका दुमडला की त्रिकोण होतो. या त्रिकोणाच्या उघड्या कडा बारीक धावदोऱ्याने शिवून बोटभर तोंड मोकळे ठेवतात आणि तेवढ्यातून कापड उलटवतात. टाके आत जातात, कोपरे बाहेर येतात. टोकांच्या दोन कोपऱ्यांची चोच व शेपटी होते, मधल्या कोपऱ्याचा पाठीवरचा उंचवटा होतो. आत भरावयाचा कापूस सरकी काढून पिंजलेला असावा लागतो. सरकी राहिली तर पक्षी एका अंगास कलतो. तोंड शिवून टाकल्यावर पंखांसाठी दुसऱ्या रंगाचे तुकडे जोडतात. डोळ्यांच्या जागी मणी शिवण्यापेक्षा काळ्या दोऱ्याची गाठ मारणे शहाणपणाचे. मणी तुटून मुलाच्या तोंडात जाऊ शकतो, गाठ जात नाही. तोंडात जाणारे खेळणे नसावे, हा चरकसंहितेतील नियम संस्कृत न येणारी आजीही पाळू शकते, कारण तो ग्रंथाइतकाच अनुभवाचाही आहे.

यानंतर टांगणीचा दोरा ओवावयाचा असतो. पक्ष्याचा तोल कोठे आहे ते पाहण्यासाठी तो सुईच्या टोकावर तोलून धरतात व तेथूनच दोरा घेतात. कामटीवर जड मोर मध्याच्या जवळ आणि हलक्या चिमण्या टोकांशी बांधल्या तर सारे चिमणाळे समतोल राहते. तराजूच्या दांडीचा नियम येथे कोणी उच्चारीत नाही, परंतु तो पाळल्यावाचून चिमणाळे सरळ लोंबत नाही. हातसुताच्या दोऱ्याचा पीळ उलगडू लागला की पक्षी आपोआप मंद फिरतात. पीळ संपला की उलटे फिरू लागतात.

टांगण्याच्या जागेनेही फरक पडतो. चिमणाळे पाळण्याच्याच दांडीस बांधले तर ते पाळण्याबरोबर झुलते. घराच्या आढ्यास बांधले तर ते जागच्या जागी राहते, आणि खालून झुलणाऱ्या मुलाला मात्र पक्षीच येताजाताना दिसतात. आणखी एक गोष्ट शिवणारीने ओळखावी लागते. मोठी माणसे चिमणीला बाजूने पाहतात, निजलेले मूल तिला खालून पाहते. म्हणून ठळक रंगाचा तुकडा पक्ष्याच्या पोटाशी आला पाहिजे. ज्या चिमणाळ्यात सारी नक्षी पाठीवर असते ते पाहुण्यांसाठी केलेले असते.

४. चिंधी कोठून आली

चिंध्यांची चिमणी स्वस्त वाटते. परंतु चिंधी नेहमीच स्वस्त नव्हती. हाताने कातलेल्या व हातमागावर विणलेल्या कापडाच्या काळात लुगड्याचा प्रत्येक तुकडा कामाचा असे. लुगडे जीर्ण झाले की त्याची वाकळ अथवा गोधडी होई, त्यातून उरलेल्या मऊ भागाचे मुलाचे दुपटे होई, आणि दुपट्यातूनही जे उरे ते चिमणाळ्याच्या वाट्यास येई.

हा प्रदेश कापडाच्या व्यापारास नवखा नव्हता. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठ्यांच्या फौजांनी वऱ्हाडातील कारंजा लुटले, तेव्हा हाती आलेल्या संपत्तीत सोन्यारुप्याच्या जोडीने उंची वस्त्रेही होती. सतराव्या शतकात कारंजा हे किती संपन्न पेठेचे गाव होते याची यावरून कल्पना येते. त्या उंची वस्त्रांचे तुकडे कोणाच्या पाळण्यावर गेले हे इतिहासाला ठाऊक नाही. सामान्य घरांतील पाळण्यांवर ते गेले नसावेत, एवढाच तर्क करता येतो.

सामान्य घरातील चिंधीचा रंगही त्या काळी भूमीतूनच येई. आल या झुडपाच्या मुळीपासून काढलेला तांबडा रंग वऱ्हाडात प्रचलित होता. १८६९ च्या सुमारास युरोपात कृत्रिम अलिझरिन तयार होऊ लागले आणि पुढील काही दशकांत आलीची लागवड ओसरली. चिमणीच्या पोटाचा तांबडा रंग त्यानंतर शेतातून न येता बाजारातून येऊ लागला.

कापडाच्या इतिहासातील मोठा पालट याच काळातला आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेकडे सोपविले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला आणि वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. ज्या गाडीने कापूस बाहेर गेला त्याच गाडीने विलायती कापड आत आले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि देशी गिरणीचे कापडही विदर्भात होऊ लागले. हातमागाच्या विणकरावर याचा जो आघात झाला तो सर्वविदित आहे. चिमणाळ्याच्या बाजूने पाहता या आघाताचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. छापील चिटाचे कापड स्वस्त झाले आणि चिंध्यांत विविधता आली. ज्या पालटाने विणकराचा माग बंद पाडला त्याच पालटाने पाळण्यावरच्या चिमण्यांना ठिपके व फुले दिली.

शिवणयंत्राने चिंध्यांची भर आणखी वाढविली. आयझॅक सिंगर याने आपल्या यंत्राचे पेटंट १८५१ साली मिळविले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात ही यंत्रे हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. पुढे १९३०-४० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कंपनीने ‘उषा’ हे देशी यंत्र बाजारात आणले. यंत्रांचा सरसकट पुरस्कार न करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता. गावातील शिंप्याच्या पायाशी कातरणांचा ढीग साचू लागला आणि चिमणाळ्यासाठी जुन्या लुगड्याची वाट पाहण्याची आवश्यकता उरली नाही. तरीही जुन्या लुगड्याचाच तुकडा मागितला जात असे. याचे कारण काटकसरीत शोधून सापडत नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे.

५. जुन्या वस्त्राचा अर्थ

नवजात बालकास पहिले वस्त्र नवे घालू नये, वापरलेल्या जुन्या कापडाचे घालावे, हा संकेत महाराष्ट्रात सर्वत्र ओळखीचा आहे. जुने कापड अनेक वेळा धुतल्यामुळे मऊ झालेले असते, हे त्याचे व्यावहारिक कारण. दीर्घायुषी वडीलधाऱ्या माणसाच्या वस्त्राबरोबर त्याचे आयुष्यही मुलास लाभावे, ही त्यामागील भावना. पणजीच्या लुगड्याच्या तुकड्याला म्हणूनच मोल असे.

या भावनेमागे भय होते, आणि ते निराधार नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले वर्षाच्या आत दगावत. ज्या घरात मुले वाचत नसत तेथे पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम दगडू, धोंडू, केरू किंवा भिकू असे ठेवीत. मूल टाकाऊ आहे असे भासवावयाचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही, ही त्यातील योजना. चिंध्यांची चिमणी याच विचाराच्या शेजारी उभी आहे. तिचे रूप रंगीत, परंतु तिचे द्रव्य फेकून देण्याजोगे. पाळण्यास बांधलेला काळा दोरा, मनगटावरील दृष्टमणी आणि डोक्याशी लटकणारा बजरबट्टू ही तिची सोबत होती. पाळण्याकडे पाहणाऱ्याची पहिली नजर मुलावर न पडता वरच्या पक्ष्यांवर पडावी, असाही एक हेतू या टांगणीत मानता येतो.

मूल पाळण्यात घालण्याचा दिवसही अर्थपूर्ण आहे. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते आणि ती मुलाचे भविष्य लिहिते अशी समजूत आहे. बाराव्या दिवशी बारसे होऊन मूल पाळण्यात जाते व त्याला नाव मिळते. नवजात बालकांचा धनुर्वात हा रोग बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान प्रकट होतो. नाळ कापण्याच्या अस्वच्छ साधनांमुळे होणाऱ्या या रोगाने पूर्वी असंख्य मुले पहिल्या आठवड्यात दगावत. सटवाईच्या रात्रीचे जागरण आणि बारशापर्यंतची प्रतीक्षा यांचा या अनुभवाशी संबंध असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. बाळंतविड्यात कुंची, झबली, टोपरे व दुपटे यांच्या जोडीला चिमणाळे येई ते मूल या पहिल्या उंबरठ्यावरून पार झाल्यावर. पाळण्यावर चिमण्या झुलू लागल्या म्हणजे मूल राहिले, असा त्याचा अर्थ शेजारणींना न सांगता कळत असे.

सर्व मुले राहत नसत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांतील दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाले. १९०१ च्या शिरगणतीत जुन्या बाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. हा आकडा केवळ मृतांचा नव्हे. स्थलांतर व घटलेले जन्म यांचाही त्यात वाटा असतो. तथापि दुष्काळात पहिला बळी तान्ह्या मुलांचा व वृद्धांचा जातो, हे सर्वत्र दिसून आले आहे. त्या दशकात कित्येक घरांतील चिमणाळी मूल रांगण्याच्या आतच उतरली असली पाहिजेत.

पाळणा प्रत्येक मुलाला मिळत होता, असेही समजण्याचे कारण नाही. शेतमजूर स्त्री मुलाला लुगड्याच्या झोळीत घालून ती धुऱ्यावरच्या झाडास टांगी व वेचणीस जाई. त्या मुलावर टांगलेले चिमणाळे नसे. फांदीवरच्या खऱ्या चिमण्या असत. ज्या हातांनी कापूस वेचला जाई त्यांना कापसाची चिमणी करण्यास उसंत मिळत नसे, ही गोष्ट या गृहशिल्पाच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

६. बंजाऱ्यांचे भरतकाम

वाशीम जिल्ह्याचा विचार करताना बंजारा समाजाच्या सुईकडे दुर्लक्ष करता येत नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून ते या समाजाचे देशभरातील प्रमुख श्रद्धास्थान आहे. बैलांच्या तांड्यांवरून धान्य, मीठ व कापूस वाहून नेणे हा बंजाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय होता. लोहमार्गाने तो हिरावून घेतला आणि तांडे शेतीच्या व मजुरीच्या आश्रयाने ठिकठिकाणी स्थिरावले.

व्यवसाय गेला, तरी सुई राहिली. बंजारा स्त्रियांच्या घागऱ्यावर, काचोळीवर व ओढणीवर आरसे, कवड्या, मणी, रंगीत गोंडे आणि जोडकामाचे तुकडे असतात. लहान तुकडा दुसऱ्या कापडावर बसविणे, त्रिकोण व चौकोन यांची मांडणी करणे आणि लोंबत्या गोंड्याने शेवट करणे ही या कामाची अंगे चिमणाळ्याच्या शिवणीशी जवळचे नाते सांगतात. हालताना चमकणारा आरसा आणि एकमेकींवर आपटून वाजणाऱ्या कवड्या यांत चरकसंहितेने सांगितलेले रंगाचे व नादाचे दोन्ही गुण एकत्र येतात. मात्र तान्ह्या मुलाच्या डोक्यावर काच टांगणे धोक्याचे असल्यामुळे, या भरतकामातून चिमणाळ्यासाठी घ्यावयाचे ते गोंडे आणि जोडकाम. आरसा घेऊ नये.

७. नव्या शास्त्राची साक्ष

टांगत्या खेळण्याचा पाश्चात्त्य इतिहास निराळ्या दिशेने गेला. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर याने तारा व पत्रे यांची हालती शिल्पे केली आणि १९३१ साली मार्सेल द्युशाँ याने त्यांना ‘मोबाइल’ हे नाव दिले. कलादालनातील हे नाव पुढे मुलांच्या पाळण्यावरील टांगत्या खेळण्यांना लागले. आपल्याकडे वस्तू आधी पाळण्यावर होती, आणि कलादालनात ती कधी गेलीच नाही.

बालमानसशास्त्राने या खेळण्याचे मोल प्रयोगाने दाखविले. रॉबर्ट फांट्झ याच्या १९५८ नंतरच्या प्रयोगांतून असे दिसून आले की अगदी लहान मुलेदेखील एकरंगी पृष्ठभागापेक्षा ठळक आकृत्यांकडे अधिक वेळ पाहतात. १९६९ साली कॅरोलिन रोव्ही आणि डेव्हिड रोव्ही यांनी मुलाचा पाय व टांगते खेळणे यांना फितीने जोडून प्रयोग केला. पाय हलविला की खेळणे हलते, हे दोन-तीन महिन्यांच्या मुलाच्या ध्यानात येते आणि ते अधिक पाय हलवू लागते, असे त्यांना आढळले. जगात आपण काही घडवू शकतो, याचा पहिला धडा मुलाला अशा खेळण्यातून मिळू शकतो. असा प्रयोग देखरेखीखालीच करावयाचा असतो. घरी पाळण्यात दोरी अथवा फीत मुलाच्या अंगाशी ठेवणे जिवावर बेतू शकते. मूल हातांवर व गुडघ्यांवर उठू लागले, म्हणजे साधारणतः पाच महिन्यांचे झाले, की टांगते खेळणे काढून टाकावे, हा आजचा नियम आहे. रांगू लागलेल्या मुलाचे चिमणाळे उतरविण्याच्या जुन्या रीतीपेक्षा तो थोडा अलीकडचा व अधिक सावध आहे.

महाराष्ट्रात घरगुती साधनांतून बालशिक्षण घडविण्याचा विचार ताराबाई मोडक यांनी मांडला व आचरला. विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाईंनी पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. परदेशी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने व माती यांतून शिक्षणाची साधने उभी करता येतात, हे त्यांनी व अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. घरातील चिंधीस प्रतिष्ठा देणारा विचार तो हाच.

८. सद्यस्थिती

चिमणाळ्यामागील जुने भय आज पुष्कळ ओसरले आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर दर हजारी १६ आढळला. बाळंतिणीचा व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली घोषित करण्यात आले. लस, स्वच्छ नाळकापणी आणि रुग्णालयातील प्रसूती यांनी जे साधले ते काळ्या दोऱ्याने साधले नव्हते, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे.

द्रव्येही बदलली आहेत. वाशीम जिल्ह्यात सोयाबीन हे आज खरिपाचे मुख्य पीक आहे, आणि जेथे कापूस होतो तेथेही तो बहुधा सरळ बाजारात जातो. घरात सरकी काढून ठेवलेला कापूस दुर्मीळ झाला. पिंजाऱ्याच्या पिंजणीचा टणत्कार क्वचितच ऐकू येतो. नऊवारी लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. ते कापड धुऊन मऊ होत नाही आणि त्याचा तुकडा सुटत जातो. बाजारात मिळणारे घड्याळी गाण्याचे प्लास्टिकचे खेळणे स्वस्त आहे, धुता येते आणि मुलेही त्याकडे पाहतात. त्याची निंदा करण्याचे प्रयोजन नाही.

परंतु त्या खेळण्यात एक गोष्ट नसते. कापडी चिमणाळ्यातील प्रत्येक पक्षी कोणाच्या तरी वस्त्राचा असतो. हा राघू आजोबांच्या पागोट्याचा, ही मैना आईच्या लग्नातल्या खणाचा तुकडा, ही चिमणी दगावलेल्या थोरल्या भावंडाच्या झबल्याची, असे सांगणारी स्त्री घरात असते तोवर ते चिमणाळे म्हणजे त्या घराची वंशावळ असते. वंशावळीच्या कागदांत सहसा पुरुषांचीच नावे लिहिली जातात. येथे आजीचे लुगडे आणि अल्पायुषी मूल यांनाही जागा मिळते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्य वापराच्या वस्तू जन्मभर जमविल्या आणि त्या संग्रहास बालपणीच निवर्तलेल्या आपल्या पुत्राचे, राजाचे, नाव दिले. घरगुती वस्तूंचे मोल ओळखणारी दृष्टी आणि गेलेल्या मुलाची आठवण ही दोन्ही तेथे एका नावात आली आहेत. चिमणाळ्यांचा असा संग्रह वाशीम जिल्ह्यात होणे अशक्य नाही. मात्र वस्तू मिळविताना तिच्यातील प्रत्येक तुकडा कोणाच्या वस्त्राचा, हे शिवणाऱ्या अथवा जपणाऱ्या स्त्रीकडून त्याच वेळी लिहून घेतले पाहिजे. ते लिहिले गेले नाही तर संग्रहात कापूस व कापड जमेल, इतिहास जमणार नाही. ही माहिती ज्यांच्या स्मरणात आहे त्या स्त्रिया आता वृद्ध आहेत.